झाडलेलं रान

एका उंच डोंगराच्या कुशीत अंजनमाची नावाचं गाव होतं, आणि त्या गावात गोमाजी नावाचा एक गृहस्थ राहायचा. झाडलोटीत त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. लोक पहाटे उठून देवाचं नाव घेतात. गोमाजी उठून खराटा घ्यायचा. त्याच्या अंगणात मोहरी सांडली तर ती वेचून तशीच फोडणीला टाकावी, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाऱ्यानं शेजारच्या आंब्याचं पान अंगणात आणून टाकलं, तर गोमाजी आधी त्या पानाकडे बघायचा आणि मग शेजाऱ्याकडे.

त्याची बायको भिवरा तोंडाची फटकळ होती. ती म्हणायची, "कारभारी, पानं पडायचीच. झाडाला काय तुमचा धाक हाय व्हय?"

गोमाजी हसायचा आणि ते पान उचलायचा.

त्याचं बघून बघून सगळं गावच टापटिपीचं झालं होतं. त्यामागे आणखीही एक कारण होतं. दर वर्षी चैत्री पुनवेला राजा डोंगरमाथ्यावरच्या देवीच्या दर्शनाला यायचा आणि वाटेतल्या ज्या गावाची निगा उत्तम असेल, त्या गावच्या पाटलाला आपल्या हातानं मानाचं पागोटं बांधायचा. अंजनमाचीच्या येसबा पाटलांना हे पागोटं इतक्यांदा मिळालं होतं की घरात ती ठेवायला खुंट्या उरल्या नव्हत्या. तरी आणखी एकाची हौस होतीच. मानाचं असंच असतं. त्यानं पोट भरत नाही आणि भूकही मरत नाही.

राजा पाखरांचा मोठा वेडा. एका दसऱ्याला त्यानं दवंडी पिटवली, की आजपासून अंजनमाचीच्या डोंगरावरचं सगळं रान अभयरान आहे. तिथल्या जिवंत झाडाला कोणी कुऱ्हाड लावायची नाही, पाखराला कोणी फासा लावायचा नाही. त्या रानाची राखण त्यानं अंजनमाचीकडे सोपवली आणि पाटलांनी ती गोमाजीकडे. दुसऱ्या कुणाचं नाव निघालंसुद्धा नाही.

राजानं गोमाजीला बोलावून सांगितलं, "या रानाची नीट निगा ठेव. चैत्रात देवीला येईन, तेव्हा मला तुझ्या रानातली पाखरं बघायची आहेत."

गोमाजीनं मान तुकवली. निगा म्हणजे काय, हे त्याला शिकवायची गरज नव्हती. निदान त्याला तसं वाटलं.

त्या वेळी ते रान पाखरांनी नुसतं गजबजलेलं होतं. खाली पालापाचोळ्यात रानकोंबड्या उकरत असायच्या आणि नवरंग पक्षी पानं उलटीपालटी करून किडे टिपायचा. करवंदीच्या जाळीत सातभाईंची भांडणं चाललेली असायची, आणि ती मिटल्याचं कोणी कधी ऐकलं नाही. वठलेल्या खोडांवर सुतार पक्षी दिवसभर ठकठक करायचा. त्यानं कोरून सोडून दिलेल्या भोकांत पुढं राघू नाहीतर पिंगळे संसार थाटायचे. ओढ्याकाठी कस्तूर शीळ घालायचा, ती वाटेनं चाललेला माणूस उभा राहून ऐकायचा. ज्याला जे हवं ते त्या रानात होतं, आणि ते ठेवायला कोणी राखणदार लागला नव्हता.

गोमाजी पहिल्या दिवशी रानात शिरला आणि त्याला घाम फुटला. पोटरीपर्यंत पाचोळा! वाटेत आडवे पडलेले कुजके ओंडके, त्यांवर उगवलेली अळंबी. जिकडं बघावं तिकडं काटेरी जाळ्या. आणि जागोजाग उभी मेलेली झाडं, ना पान ना फूल. 'राजाचं रान, आणि त्याची ही दशा?' तो मनात म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव खराटे घेऊन डोंगर चढलं. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत अंजनमाचीनं ते रान झाडलं. पाचोळ्याचे ढीग उघड्या कातळावर नेऊन जाळले. कुजके ओंडके ओढून तिथंच टाकले. जाळ्या तोडल्या, त्यांना कोणी झाडांत मोजत नव्हतं. वठलेली झाडं करवतीनं आडवी केली. राजाज्ञा जिवंत झाडांपुरती होती. मेलेल्यांची दाद कोण मागणार? गोमाजी सगळ्यांच्या पुढं असायचा. घरी पोहोचेपर्यंत त्याला बोलायचं त्राण उरत नसे.

भिवरा त्याच्या पाठीला तेल लावता लावता म्हणायची, "झाडून झालं. आता डोंगर सारवायचा तेवढा ऱ्हायलाय."

माघात एक वठलेली सावर पाडली. खोड जमिनीवर आपटलं आणि त्यातल्या ढोलीतून पांढरी अंडी बाहेर घरंगळून फुटली. पिंगळ्याची जोडी भर दुपारी डोक्यावरून ओरडत फिरू लागली. बायामाणसं जरा चरकली. गोमाजीनं मात्र त्या सांडलेल्या बलकावर माती ओढली, माती खराट्यानं सारखी केली आणि सगळ्यांना पुढच्या झाडाकडं नेलं.

शिमगा आला तोवर रान असं लखलखीत झालं होतं की पंगत बसवावी. शेजारच्या गावचे लोक बघायला आले आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. येसबा पाटलांनी घरात आणखी एक खुंटी ठोकून घेतली.

फक्त रान गप्प झालं होतं. झाडांच्या शेंड्यांवरून कधीमधी एखादी हाक यायची, खाली कुणाचा आवाज नव्हता. पाऊल टाकलं की आपल्याच वहाणा ऐकू यायच्या. गोमाजीच्या ते लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण मनाची समजूत घालायला माणसाला कारण मिळतंच. आधी तो म्हणाला, थंडी फार आहे. मग म्हणाला, माणसांचा राबता आहे, पाखरं बुजलीत, काम संपलं की येतील. काम संपलं. पाखरं आली नाहीत. मग तो काहीच म्हणेना.

आता एकच वठलेलं झाड उरलं होतं. तो होता एक जुना बेहडा, चार माणसांच्या कवेत न मावणारा, देवीच्या वाटेच्या अगदी वरच्या टोकाशी उभा. झाड फार मोठं, म्हणून ते शेवटी ठेवलं होतं. पाटील म्हणाले, "राजा त्याच्याखालनं जाणार. वाटेत वाळकं झाड म्हंजी अपशकुन. उद्या सकाळी पाडून टाकू."

झाड कुठल्या अंगाला पाडायचं ते ठरवायला गोमाजी एकटाच वर गेला. चारी बाजूंनी बघून झाल्यावर तो समोरच्या उंबराच्या सावलीला बसला आणि त्यानं भाकरी सोडली.

पहिला घास तोंडात होता, तेवढ्यात डोक्यावरून लोहाराचा भाता ओढल्यासारखा आवाज गेला. एक भला मोठा धनेश आला आणि बेहड्याच्या खोडाला धरून बसला. पिवळी बाकदार चोच, तिच्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. खोडात तिथं काही आहे असं गोमाजीला वाटलं नव्हतं. आता त्याला दिसलं, की तिथं एक ढोली आहे, तिचं तोंड चिखलानं लिंपून टाकलेलं आहे आणि मधे बोटभर फट तेवढी राखली आहे. धनेशानं मान हलवली, गळ्यातून एक उंबर काढलं आणि त्या फटीशी धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि ते उंबर घेऊन आत गेलं. मग दुसरं. मग तिसरं. असं तो देतच राहिला. त्यानं स्वतः एकही गिळलं नाही.

गोमाजीच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

धनेशाची मादी विणीच्या वेळी ढोलीत शिरते, आपणच दार लिंपून घेते आणि आत पिसं गाळून बसते, हे त्या डोंगरावर लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गोमाजीनंही ऐकलं होतं. तिला उडता येत नाही, बाहेर येता येत नाही. नर आणून देईल तेवढंच तिचं अन्न. पण ती ढोली कुठल्या झाडाला असते, हे त्यानं कधी मनात आणलं नव्हतं. जुन्या, पोकळ, वठलेल्या झाडाला. ज्या झाडाला तो मेलेलं म्हणत होता, त्याच्या पोटात एक बाळंतीण दार लावून बसली होती.

आणि एकदम त्याला माघातली ती सावर आठवली. ती फुटलेली अंडी, ते ओरडणारे पिंगळे, आणि आपण वरून सारखी केलेली माती. मग तिच्या आधीचं खोड, त्याच्या आधीचं. जाळलेला पाचोळा, तोडलेल्या जाळ्या. पाखरं बुजली नव्हती. त्यांची घरं त्यानं कातळावर नेऊन जाळली होती, आणि वर गावाकडून शाबासकी घेतली होती. गोमाजी उंबराखाली बसून रडला. त्याला कसलीच समजूत आता पुरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आणि लाकूडतोडे करवत घेऊन आले, तेव्हा गोमाजी बेहड्याला पाठ लावून बसला होता.

"ऊठ गोमाजी," पाटील म्हणाले. "दोर बांधायचाय."

"हे झाड पाडायचं न्हाई, पाटील. आत धनेशीण हाय."

लाकूडतोड्यांतला बाबू हसला. "सावर पाडताना करवतीचा पयला हात कुनाचा व्हता, गोमाजी?"

"माझाच व्हता," गोमाजी म्हणाला. "म्हणून तर बसलोय."

पाटलांची तळपायाची आग मस्तकात गेली. "सारं रान तूच झाडायला लावलंस. गावानं दसऱ्यापासून पाठ मोडली. आन् आता राजा दारात आल्यावर वाटेत वाळकं खोड ठेवायचं? पागोटं गेलं तर गावाला तोंड कुटं दाखवायचं?"

तेवढ्यात धनेश आला. माणसं बघून तो खोडावर उतरला नाही. वरून एक फेरी मारली, दुसरी मारली, दूरच्या फांदीवर बसला, पुन्हा उडाला. त्याचा गळा उंबरांनी फुगलेला होता. खोडातली फट हलली आणि एका चोचीचं टोक बाहेर येऊन तसंच थांबलं.

"पाटील," गोमाजी हात जोडून म्हणाला, "पागोटं गेलं तर माझं नाव सांगा. पर आता हितनं मागं सरा. आपुन हितं हाय तोवर ती उपाशी हाय."

बाबूनं करवत खांद्यावर टाकली आणि तो मागं वळला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. पाटील जाता जाता म्हणाले, "राजानं इचारलं तर जबाब तुझा."

चैत्री पुनवेला राजा आला. पालखी खाली ठेवून तो पायी रानात शिरला. वाट आरशासारखी स्वच्छ होती. राजा चालत गेला, थांबला, कान दिला, पुन्हा चालला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "पाखरं कुठं आहेत?"

येसबा पाटील चटकन पुढं झाले. "महाराज, औंदा उन्हाळा लई. पाखरं वरच्या खोऱ्यात पाण्याला गेली असत्याल."

सगळ्या गावानं माना डोलावल्या. राजाचीही मान हलली. गोष्ट इथं मिटत होती. गोमाजीनं फक्त गप्प राहायचं होतं. रान स्वच्छ होतं, कारण पटण्यासारखं होतं आणि पागोट्याची घडी राजाच्या सेवकाच्या हातात तयार होती. गोमाजीनं पाटलांकडं बघितलं. पाटलांच्या डोळ्यांत धाक नव्हता, विनवणी होती. त्यामुळं खरं बोलणं आणखी अवघड झालं.

पण आज गप्प राहिलं तर उद्या राजा खूश होऊन दुसरा डोंगर झाडायला सांगेल, हे गोमाजीला कळत होतं.

तो पुढं आला आणि म्हणाला, "महाराज, पाखरं पाण्याला गेली न्हाईत. मीच झाडून टाकली."

मग त्यानं सगळं सांगितलं. पाचोळा सांगितला, जाळ्या सांगितल्या, सावरीतली अंडी सांगितली. गावाचा दोष त्यानं काढला नाही.

राजानं त्या झाडलेल्या जमिनीकडं बघितलं. "एकही उरलं नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"एक घर हाय महाराज. पर लांबनं बघावं लागंल. खाली बसून. आन् मानसं नगंत."

सेवकांनी डोळे वटारले. राजाला खाली बस म्हणणारा हा कोण! पण राजानं सगळ्यांना मागं ठेवलं आणि उंबराआड तो गोमाजीशेजारी मातीत बसला. धनेश आला, त्यानं फटीशी उंबरं धरली, आतून चोच आली आणि गेली. उठताना राजानं अंगावरची मातीही झटकली नाही.

परत वाटेवर आल्यावर तो म्हणाला, "खरं बोललास, म्हणून रान तुझ्याकडेच ठेवतो. पागोटं मात्र देता यायचं नाही. निगा झाली नाही, ती नाहीच झाली. आता या रानाचं काय करशील?"

"पडंल ते पडू दीन महाराज," गोमाजी म्हणाला. "आन् उभं हाय ते उभं ऱ्हाऊ दीन."

त्या वर्षी पागोटं खालच्या हिवरवाडीला गेलं. अंजनमाचीला ते फार लागलं. पाणवठ्यावर बाया भिवराला टोमणे मारू लागल्या. ती घरी येऊन नवऱ्यावर चिडायची आणि बाहेर त्याच्याच बाजूनं भांडायची. येसबा पाटलांनी तर गोमाजीशी बोलणंच टाकलं. समोरून आला की ते वाट बदलत. कातळावर ओढून टाकलेले ओंडके गोमाजी एकेक करून परत रानात नेऊन ठेवत होता. जळलेलं परत आणता येत नव्हतं, त्याचं त्याला वाईट वाटायचं. रोज सकाळी मात्र तो उंबराआड जाऊन बसायचा. धनेश येऊन गेला की मगच त्याला चैन पडायचं.

उन्हाळा सरत आला. एका सकाळी तो उंबरापाशी पोहोचला, तर तिथं आधीच कोणी बसलेलं होतं. येसबा पाटील! बोडक्या डोक्यानं, मातीत, गुडघे पोटाशी घेऊन. गोमाजीच्या रोजच्या जागेशेजारी, त्यांच्या बुडाखालची जागाही दबून सपाट झाली होती. पाटील आजच आलेले नव्हते, गोमाजी उठून गेल्यावर ते येत असणार. गोमाजीला बघून ते दचकले. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि थोडं सरकून त्याला जागा करून दिली.

खोडावर लिंपणाचा पोपडा निघून पडत होता. आतून चोच मारली जात होती. भोक मोठं झालं आणि धनेशीण बाहेर आली, पिसं विस्कटलेली, उन्हाला डोळे मिचकावणारी. धडपडत ती जवळच्या फांदीवर गेली. नरानं तिला एक उंबर दिलं. मग दोघंही ढोलीकडं बघत बसले.

ढोलीच्या तोंडाशी पिल्लू येऊन उभं राहिलं. त्यानं खाली बघितलं आणि ते आत गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं.

"भ्यालंय," पाटील पुटपुटले. चैत्रापासून गोमाजीशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द होता.

पिल्लू तिसऱ्यांदा आलं, त्यानं पंख पसरले आणि स्वतःला सोडून दिलं. ते खाली गेलं, आणखी खाली गेलं, आणि मग एकदम सावरून आईच्या फांदीला जाऊन बिलगलं. येसबा पाटलांनी गोमाजीचा हात घट्ट धरला होता, आणि तो सोडायचं त्यांच्या बराच वेळ लक्षातच आलं नाही.

तात्पर्य: ज्याची निगा आपल्याकडं आली, त्याला काय हवं हे आधी बघावं, आपल्याला बरं दिसतं ते करत सुटलं की दुसऱ्याचं घर मोडतं. आणि चूक कळली की चारचौघांत ती कबूल करून तिथंच हात थांबवावा, कारण गेलेला मान पुन्हा मिळतो, गेलेला जीव मिळत नाही.